जॉब आलेखाचे शिखर दर वेळी का सरकते? द्रावणातील जटिल संयुगाचे गुणोत्तर आणि स्थिरता स्थिरांक जुळत नसल्यास करावयाची तपासणी

फेरिक लोह आणि सॅलिसिलिक आम्ल यांच्या जांभळ्या जटिल संयुगाचे (धातूचा आयन आणि त्याला बांधला जाणारा घटक, म्हणजे लिगंड, यांच्या संयुगाचे) गुणोत्तर जॉबच्या पद्धतीने काढताना एक तक्रार वारंवार ऐकू येते. पहिल्या दिवशी आलेखाचे शिखर ०.५ ला मिळते, द्रावणे नव्याने केली की ते ०.५५ ला जाते, आणि तिसऱ्या वेळी थेट ०.६ वर जाऊन बसते. स्थिरता स्थिरांकाची, म्हणजे हे संयुग किती घट्ट बांधलेले आहे ते सांगणाऱ्या आकड्याची, अवस्था याहून वाईट असते, कारण एकाच वहीत एकाच जटिल संयुगासाठी नऊ हजार, तीस हजार आणि चार हजार अशी तीन उत्तरे शेजारीशेजारी लिहिलेली दिसतात. अशा वेळी बहुधा स्पेक्ट्रोफोटोमीटरला दोष दिला जातो आणि सगळी मालिका पुन्हा त्याच पद्धतीने केली जाते. माझा अनुभव असा की दोष उपकरणात क्वचितच असतो. तो द्रावणे तयार करतानाच शिरलेला असतो आणि बहुतेक वेळा आम्लाशी निगडित असतो.

पॉल जॉब यांनी १९२८ मध्ये मांडलेली ही पद्धत दिसायला फार सोपी आहे. धातू आणि लिगंड यांची समान संहतीची दोन मूळ द्रावणे घ्यायची, एकूण आकारमान कायम ठेवून त्यांचे प्रमाण नऊस एकपासून एकास नऊपर्यंत अशा नऊ मिश्रणांत बदलत न्यायचे, आणि प्रत्येक मिश्रणाची शोषकता, म्हणजे ते किती प्रकाश शोषते, मोजायची. लिगंडच्या मोल अपूर्णांकासमोर (धातू आणि लिगंड यांच्या एकूण मोलांतील लिगंडच्या वाट्यासमोर) शोषकता मांडली की जटिल संयुग जिथे सर्वाधिक बनते तिथे शिखर येते : एकास एक असेल तर ०.५ ला, एकास दोन असेल तर ०.६७ ला, एकास तीन असेल तर ०.७५ ला. या साधेपणामागे एक अट दडलेली आहे आणि ती प्रयोगाच्या कृतीत बहुधा स्पष्ट लिहिलेली नसते. मालिकेतील प्रत्येक मिश्रणात धातू आणि लिगंड यांच्या प्रमाणाखेरीज काहीही बदलता कामा नये. पीएच, आयनी तीव्रता (द्रावणातील सर्व आयनांच्या एकत्रित प्रभावाचे माप), तापमान, विद्रावक, मिसळल्यापासून मोजणीपर्यंतचा वेळ हे सारे कायम राहिले पाहिजे. शिखर सरकते तेव्हा यांपैकी काहीतरी मालिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बदलत गेलेले असते.

सर्वांत आधी पीएच मोजावा

नवीन द्रावणे करण्यापूर्वी आहे त्या मालिकेवरच एक तपासणी करावी. नऊ नळ्या पांढऱ्या कागदावर ओळीने उभ्या करून वरून पाहावे. मालिका नीट जमली असेल तर सगळ्या नळ्यांत जांभळ्या रंगाची छटा एकच दिसते, फक्त तिची गडदता कमीजास्त असते. लिगंड जास्त असलेल्या टोकाकडे रंग जांभळा न राहता लालसर झालेला दिसला, तर तिथे पीएच वाढलेला आहे आणि एकास दोन प्रमाणाचे जटिल संयुग डोके वर काढू लागले आहे असे समजावे. डोळ्यांना फरक जाणवला नाही तरी नऊही मिश्रणांचा पीएच मोजून वहीत लिहावा. शोषकता आधी मोजावी आणि इलेक्ट्रोड नंतर बुडवावा, कारण इलेक्ट्रोडमधून पाझरणारे क्लोराइड लोहाशी बांधले जाते. पहिल्या आणि नवव्या नळीच्या पीएचमध्ये ०.०५ पेक्षा जास्त फरक आढळला तर आलेखावर आणखी वेळ घालवू नये.

हा फरक येतो कुठून ते पाहू. फेरिक लोहाचे द्रावण साध्या पाण्यात टिकत नाही, म्हणून ते आम्लात केले जाते. सॅलिसिलिक आम्लाचे द्रावण मात्र सवयीने नुसत्या पाण्यात केले जाते. दोन्ही द्रावणे वेगवेगळी पाहिली तर निर्दोष असतात, पण मिसळताना लोह कमी होत गेले की त्याच्याबरोबर आम्लही कमी होत जाते. लोहाच्या मूळ द्रावणात ०.०१ मोलर नायट्रिक आम्ल असेल, तर पहिल्या मिश्रणात ते ०.००९ मोलर आणि नवव्यात ०.००१ मोलर उरते, म्हणजे पीएच २.०५ पासून ३ पर्यंत चढत जातो. सॅलिसिलेट लोहाशी बांधले जाताना दोन प्रोटॉन सुटतात. त्यामुळे आपण मोजतो तो आभासी स्थिरांक, म्हणजे त्या ठरावीक पीएचला दिसणारा स्थिरता स्थिरांक, हायड्रोजन आयनांच्या संहतीच्या जवळजवळ वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. पीएच २ च्या आसपास केवळ ०.१ ने बदलला तरी तो सुमारे दीडपट होतो.

याचा शिखरावर किती परिणाम होतो हे आकडे मांडून पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेतो. समजा जटिल संयुग एकास एक आहे, बनताना दोन प्रोटॉन सोडते आणि पीएच २ ला त्याचा आभासी स्थिरांक १,००० आहे. धातू आणि लिगंड यांची एकूण संहती १ मिलिमोलर आहे आणि आम्ल वर सांगितल्याप्रमाणे फक्त धातूच्या द्रावणात आहे. निर्मितीतून सुटणारे प्रोटॉन हिशेबात न घेता समतोलाचे समीकरण सोडवले, तर तयार झालेल्या जटिल संयुगाची संहती मोल अपूर्णांक ०.४ ला ०.२१, ०.५ ला ०.२५, ०.६ ला ०.२७ आणि ०.७ ला पुन्हा ०.२५ मिलिमोलर येते. म्हणजे गुणोत्तर निखालस एकास एक असूनही शिखर ०.६ वर उमटते. विद्यार्थी प्रामाणिकपणे हे शिखर वाचतो आणि ‘दोनास तीन’ असे कुठेही अस्तित्वात नसलेले गुणोत्तर लिहितो. त्याची मोजणी अचूक होती, नळ्या स्वच्छ होत्या, आलेखही नेटका होता. चूक मालिका सुरू होण्यापूर्वीच, बाटलीत, झालेली होती.

उपाय करायला अवघड नाही, परंतु तो काटेकोरपणे करावा लागतो. एक पार्श्व द्रावण आधी भरपूर प्रमाणात तयार करावे, उदाहरणार्थ ०.०१ मोलर नायट्रिक आम्ल आणि ०.१ मोलर सोडियम नायट्रेट. लोहाचे मूळ द्रावण, सॅलिसिलिक आम्लाचे मूळ द्रावण आणि आकारमान पूर्ण करण्यासाठी लागणारा प्रत्येक थेंब याच पार्श्व द्रावणाचा असावा. शेवटची खूण गाठताना धुण्याच्या बाटलीतले पाणी घालण्याची सवय इथे आड येते, म्हणून त्या दिवशी ती बाटली टेबलावरून उचलून ठेवणे उत्तम. सॅलिसिलिक आम्ल थंड पाण्यात सावकाश विरघळते. ते लवकर विरघळावे म्हणून सोडियम सॅलिसिलेट वापरले, तर प्रत्येक सॅलिसिलेट आयन पार्श्व द्रावणातील प्रोटॉन उचलू लागतो, आणि १ मिलिमोलर सोडियम सॅलिसिलेटमुळे ०.०१ मोलर आम्लाचा जवळजवळ दहावा हिस्सा खर्ची पडतो. त्यापेक्षा आम्लरूपच घ्यावे, कोमट करून विरघळू द्यावे आणि द्रावण थंड झाल्यावरच आकारमान पूर्ण करावे.

आम्ल ०.००२ मोलर इतके कमी ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिची अडचण अशी की शिखरापाशी ०.४ मिलिमोलर जटिल संयुग बनले तर ०.८ मिलिमोलर प्रोटॉन सुटतात, आणि ०.००२ मोलरच्या तुलनेत ही भर ४० टक्क्यांची आहे. ०.०१ मोलर आम्लात तीच भर ८ टक्क्यांची ठरते आणि पीएच फार तर ०.०३ ने हलतो. पीएच स्थिर ठेवण्यासाठी फॉस्फेट, सायट्रेट किंवा ॲसिटेट यांचे बफर वापरण्याचा मोह टाळावा, कारण हे सगळे स्वतःच फेरिक लोहाचे लिगंड आहेत आणि सॅलिसिलेटशी स्पर्धा करतात. पीएच २ च्या परिसरात पुरेशा संहतीचे प्रबळ आम्ल हेच बफरचे काम करते. परक्लोरिक आम्ल घेणाऱ्यांनी पोटॅशियमचे क्षार त्यात मिसळू नयेत. पोटॅशियम परक्लोरेट फारसे विरघळत नाही, आणि पोटॅशियम क्लोराइड भरलेल्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या सच्छिद्र टोकात त्याचा साका बसला की पीएचचे वाचन भरकटू लागते.

लोहाची बाटली

आम्ल समान करूनही शिखर ०.४७ किंवा ०.५३ अशा ठिकाणी ठाम बसून राहिले, तर संशय मूळ द्रावणांच्या संहतीवर घ्यावा. फेरिक नायट्रेटचे नऊ रेणू पाणी असलेले स्फटिक हवेतील ओलावा ओढून घेतात, त्यामुळे ४०४ हा रेणुभार धरून केलेले वजन विश्वासार्ह नसते. लोहाची खरी संहती लेबलपेक्षा १० टक्क्यांनी कमी असेल, तर प्रबळ एकास एक जटिल संयुगाचे शिखर ०.४७ ला येते. लोहाचे द्रावण ईडीटीएने (धातूचे आयन घट्ट बांधणाऱ्या अभिकर्मकाने) प्रमाणित करूनच वापरावे. यासाठी पीएच २ च्या सुमारास, किंचित कोमट द्रावणात, सॅलिसिलिक आम्लच दर्शक म्हणून चालते आणि जांभळा रंग नाहीसा होऊन फिका पिवळा उरला की अंत्यबिंदू आला असे धरता येते. ज्या जटिल संयुगाचा आपण अभ्यास करतो आहोत तेच इथे आपल्याला साहाय्य करते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवण्यासारखी आहे.

द्रावणाचे वयही पाहावे. सहा पाण्याच्या रेणूंनी वेढलेला फेरिक आयन जवळजवळ रंगहीन, अगदी फिकट जांभळा असतो. बाटलीतील द्रावण पिवळे दिसते ते जलविच्छेदनामुळे, म्हणजे वेढलेल्या पाण्यातून प्रोटॉन सुटून हायड्रॉक्सो रूप बनल्यामुळे. ०.१ मोलर आयनी तीव्रतेला या आयनाच्या पहिल्या जलविच्छेदनाचा पीके (ज्या पीएचला दोन्ही रूपे समान असतात तो आकडा) सुमारे २.६ आहे, म्हणजे पीएच २ ला देखील लोहाचा सुमारे पाचवा हिस्सा हायड्रॉक्सो रूपात असतो. तेवढे जलविच्छेदन तत्काळ उलटते आणि मालिकाभर सारखे राहिले तर शिखर हलवत नाही. परंतु विरल द्रावण कमी आम्लात दिवसचे दिवस ठेवले की अनेक लोह आयन जोडले जाऊन मोठे समूह बनतात, द्रावण तपकिरी छटेचे होते, आणि असे समूह नंतर आम्ल घातले तरी लगेच सुटत नाहीत. मिसळल्यानंतर शोषकता मिनिटामिनिटाला वाढत जात असेल तर हेच कारण असते. मूळ साठा संहत आणि भरपूर आम्लयुक्त ठेवावा व विरल द्रावण त्याच दिवशी करावे.

लोहाचा क्षार निवडताना ऋण आयनाकडेही लक्ष द्यावे. फेरिक अमोनियम सल्फेट सहज मिळते आणि वजनालाही बरे असते, पण सल्फेट फेरिक लोहाशी बऱ्यापैकी घट्ट बांधले जाते. क्लोराइड त्याहून सैल बांधले जाते, तरी पूर्ण निरुपद्रवी नाही. शिवाय सल्फेट लोहाबरोबर येत असल्यामुळे त्याचे प्रमाण मालिकेत लोहासोबतच बदलते, म्हणजे आम्लाचीच कथा पुन्हा घडते. नायट्रेट किंवा परक्लोरेट घ्यावे.

दुर्बळ जटिल संयुगाची गोष्ट वेगळी आहे

वरील सर्व काळजी घेऊनही फेरिक थायोसायनेटच्या मालिकेत शिखर ०.४ ते ०.६ मध्ये कुठेही भटकते, आणि इथे प्रयोग करणाऱ्याचा दोष नसतो. ०.५ मोलर आयनी तीव्रतेला या लाल जटिल संयुगाचा स्थिरांक सुमारे १४० आहे. मिश्रणात दोन्ही घटक ०.५ मिलिमोलर असतील तर त्यांपैकी केवळ ६ टक्के बांधले जातात. इतक्या कमी निर्मितीत आलेखाला टोक उरत नाही, तो नुसता पसरट पॅराबोला होतो. ४५० नॅनोमीटरला मोलर शोषण गुणांक (एकक संहतीला आणि एक सेंटिमीटर जाडीला येणारी शोषकता) ४,७०० धरला, तर ०.५ ला शोषकता ०.१४३ आणि ०.४ ला ०.१३७ येते. ०.००६ एवढ्या फरकावर आपण गुणोत्तराचा निर्णय देत असतो, आणि पिपेटमधला एक रेंगाळलेला थेंब किंवा न जुळलेल्या क्युव्हेटची (मोजणीच्या पारदर्शक कुप्यांची) जोडी तेवढा फरक सहज घडवते.

म्हणून जॉबची मालिका करण्याआधी एक अंदाज करावा : अपेक्षित स्थिरांक आणि शिखरापाशी प्रत्येक घटकाची संहती यांचा गुणाकार. तो १ च्या आसपास किंवा वर असेल तर शिखराला आकार येतो. सॅलिसिलेटच्या बाबतीत पीएच २ ला १ मिलिमोलर एकूण संहतीत अर्ध्याहून अधिक बंधन होते, त्यामुळे आलेख वाचता येतो. थायोसायनेटच्या उदाहरणात हा गुणाकार ०.०७ आहे. तिथे एका घटकाचे मोठे आधिक्य ठेवून दुसरा बदलणाऱ्या पद्धती वापराव्यात. बेनेसी आणि हिल्डेब्रँड यांनी १९४९ मध्ये आयोडीन आणि बेंझीन यांच्या दुर्बळ जटिलासाठी वापरलेली मांडणी याच प्रकारची आहे. थायोसायनेटसोबत आणखी दोन बाबी सांभाळाव्यात. त्याचा स्थिरांक आयनी तीव्रतेला फार संवेदनशील आहे, शून्य तीव्रतेला तो हजाराच्या आसपास असतो, त्यामुळे पार्श्व क्षार न घालता मिळालेला आकडा आणि घालून मिळालेला आकडा यांची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय फेरिक लोह थायोसायनेटचे हळूहळू ऑक्सिडीकरण करते आणि रंग उतरत जातो. मिसळल्यापासून मोजेपर्यंतचा वेळ सर्व नळ्यांसाठी सारखा ठेवावा आणि नळ्या उजेडात ठेवू नयेत.

शिखर तरंगलांबीनुसार हलत असेल तर

एकच तरंगलांबी वापरून काढलेल्या गुणोत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. तीच मालिका किमान तीन तरंगलांब्यांना मोजावी, सॅलिसिलेटसाठी ५२५ नॅनोमीटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. प्रत्येक ठिकाणी मुक्त लोहाची आणि मुक्त लिगंडची शोषकता वजा करावी. तिन्ही आलेखांचे शिखर एकाच जागी आले तर द्रावणात मोजण्याजोगे एकच जटिल संयुग आहे असे म्हणता येते. जागा बदलत असेल तर दोन किंवा अधिक जटिल संयुगे एकत्र आहेत. व्हॉसबर्ग आणि कूपर यांनी १९४१ मध्ये ही कसोटी पुढे आणली आणि आजही तिच्याइतकी स्वस्त कसोटी दुसरी नाही. फेरिक सॅलिसिलेटमध्ये पीएच वाढत गेला की जांभळ्या एकास एक रूपानंतर लालसर एकास दोन आणि पुढे अल्कधर्मी द्रावणात पिवळे एकास तीन रूप येते, त्यामुळे पीएच ३.५ ला केलेल्या मालिकेतून स्वच्छ गुणोत्तराची अपेक्षा करणेच चुकीचे आहे.

एक छोटी गोष्ट अनेकदा निसटते. १० मिलिलिटरच्या मालिकेत एकेक मिलिलिटरच्या पायऱ्या घेतल्या तर ०.६७ आणि ०.७५ हे बिंदू मालिकेत येतच नाहीत. फेरस लोह आणि फेनँथ्रोलिन यांच्या एकास तीन जटिल संयुगाचे शिखर मग ०.७ आणि ०.८ यांच्यामध्ये हरवते. अशा वेळी १२ मिलिलिटरची मालिका घ्यावी, तिच्यात आठ आणि नऊ मिलिलिटरला हे दोन्ही बिंदू नेमके सापडतात.

स्थिरांकाचा हिशेब

शिखर योग्य जागी येऊनही स्थिरांक जुळत नसेल तर हिशेबातील दोन ठिकाणे पाहावीत. आलेखाच्या दोन्ही सरळ बाजूंना स्पर्शिका काढून त्यांच्या छेदनबिंदूवरून पूर्ण बंधनाची शोषकता मिळते. तिच्यापेक्षा प्रत्यक्ष शोषकता जितक्या अंशाने कमी, तो विघटनाचा अंश अल्फा. एकास एक जटिल संयुगासाठी स्थिरांक म्हणजे (१ − अल्फा) ÷ (अल्फा × अल्फा × सी). यातील सी ही मिश्रणातील प्रत्येक घटकाची संहती आहे, मूळ बाटलीतील नव्हे. ५ मिलिलिटर अधिक ५ मिलिलिटर मिसळल्यावर ती निम्मी झालेली असते. हे विसरल्यास स्थिरांक नेमका निम्मा येतो, आणि मिश्रण पुढे २५ मिलिलिटरपर्यंत विरल केले असेल तर चूक आणखी वाढते.

दुसरे ठिकाण म्हणजे स्पर्शिका. पूर्ण बंधनाची शोषकता ०.८०० आणि प्रत्यक्ष ०.६४० असेल, तर अल्फा ०.२ येतो आणि सी ०.५ मिलिमोलर धरल्यास स्थिरांक ४०,०००. हाताने काढलेली स्पर्शिका थोडी वर सरकून ०.८२० वाचली गेली, तर तोच स्थिरांक सुमारे ३२,००० होतो. पेन्सिलीच्या एका रेघेने उत्तर वीस टक्क्यांनी बदलते, म्हणून जॉबच्या आलेखातून आलेला स्थिरांक अंदाज म्हणूनच लिहावा, त्याच्यासोबत पीएच, तापमान आणि आयनी तीव्रता नोंदवावी, आणि सर्व बिंदूंना समतोलाचे पूर्ण समीकरण संगणकावर एकत्र बसवून तो तपासावा.

याउपर शंका उरलीच तर सगळी मालिका निम्म्या एकूण संहतीला पुन्हा करावी. आलेख थोडा बोथट होईल, पण शिखराची जागा बदलता कामा नये आणि स्थिरांक प्रयोगाच्या त्रुटीच्या मर्यादेत तोच यायला हवा. शिखर कायम राहून स्थिरांक मात्र एका दिशेने सरकला, तर नऊ नळ्यांच्या पीएचची ती नोंद पुन्हा उघडून दोन्ही मालिकांचे आकडे शेजारीशेजारी ताडून पाहावेत.